टेबल आधी, तुकडी नंतर : विज्ञानकथेतल्या चकमकींचा खेळ सुरू करताना

स्कर्मिश, म्हणजे टेबलावर खेळायच्या छोट्या चकमकीच्या खेळाला लागतं ते एवढंच: दोन खेळाडू, प्रत्येकी पाच ते दहा मिनी (सैनिकांच्या छोट्या मूर्ती), दोन फूट चौरस जागा, मूठभर फासे आणि एक मेजर टेप. मोठ्या युद्धखेळात वीस-वीस मिनींचा जथा एकत्र हलतो. इथे प्रत्येक मिनी सुटी असते. ती स्वतः धावते, स्वतः कोपऱ्याआड दबा धरते आणि स्वतःच्या वाट्याची गोळी स्वतः खाते. त्यामुळे खेळ दीड-दोन तासांत आटोपतो आणि एकेका निर्णयाला वजन येतं.

नवखा खेळाडू बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी मिनींचा सुंदर खोका घेतो, महिनाभर जीव ओतून रंगवतो, मग रिकाम्या टेबलावर चार पुस्तकं आणि एक मग ठेवून दोन तुकड्या समोरासमोर उभ्या करतो. दुसऱ्या फेरीत अर्धी तुकडी आडवी झालेली असते आणि वाटतं की खेळातच काही दम नाही. दोष खेळाचा नसतो. रिकाम्या टेबलावर सगळ्यांना सगळे दिसतात आणि ज्याची पाळी आधी, त्याने आधी मारलं, एवढंच उरतं. हालचालीला अर्थ येतो तो आडोशामुळे. म्हणून इथला क्रम वेगळा आहे: आधी टेबल, मग कागदी मिनींवर शिकण्याचा खेळ, त्यानंतर खरी तुकडी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

टेबल

पहिल्या खेळाला २४ × २४ इंच, म्हणजे ६१ × ६१ सेंटिमीटरचा बोर्ड पुरतो. प्रत्येकी दहा मिनी झाल्या की ३६ इंचांवर जा. या छंदातली बहुतेक अंतरं इंचांत असतात, तेव्हा टेपही इंचांचा घ्या. खेळता खेळता सेंटिमीटरचे इंच करत बसलं की हमखास चूक होते.

टेरेन, म्हणजे बोर्डावरच्या भिंती, इमारती आणि इतर आडोसे, किती हवं ते मोजायची एक सोपी रीत आहे. जे काही असेल ते सगळं बोर्डाच्या एका कोपऱ्यात, एकावर एक न रचता, खेटून ठेवा. बोर्डाचा निदान चौथा हिस्सा भरला पाहिजे. लांब पल्ल्याच्या बंदुका असलेल्या नियमांसाठी तिसरा हिस्सा भरला तर उत्तम. मग ते पसरा आणि चाचणी घ्या: बोर्डाच्या एका कडेला मिनी ठेवा, डोळा तिच्या डोक्याच्या उंचीला आणा आणि समोरच्या कडेकडे पाहा. समोरची कड सलग दिसत असेल, तर त्या रेषेत काहीतरी आडवं ठेवा. कडेवर चार-पाच ठिकाणी हेच करा. सगळ्या वाटा मात्र बुजवू नका. दोन-तीन लांब मोकळ्या पट्ट्या राहिल्याच पाहिजेत, नाहीतर रायफलवाल्याला काही काम उरत नाही आणि खेळ नुसता कोपऱ्याकोपऱ्यांवरच्या हाणामारीचा होतो. चांगल्या बोर्डावर एका आडोशापासून दुसरा आडोसा सहा ते आठ इंचांवर असतो, म्हणजे एका धावेत गाठता येतो किंवा थोडक्यात हुकतो. हे 'थोडक्यात हुकणं' फार मोलाचं. धाडस करावं की थांबावं, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

टेरेनच्या तीन उंच्या हव्यात. कमरेइतकी, म्हणजे १२ ते १५ मिलिमीटर: भिंती, पाइप, पेट्या. यांच्या मागून मिनी दिसते, पण तिला आडोशाचा फायदा मिळतो. दुसरी पूर्ण झाकणारी, ४० मिलिमीटर आणि त्याहून उंच. तिसरी चढण्याजोगी: गच्ची, मचाण, नळ्यांवरचा पूल. चढण्याच्या जागेची रुंदी ४० मिलिमीटरच्या खाली नको, कारण मिनीचा बेस (तिच्या पायाखालची चकती) आणि खेळाडूची बोटं दोन्ही तिथे मावायला हवीत. दोन वस्तूंमधली फटही तेवढीच ठेवा. ३० मिलिमीटरच्या फटीतून ३२ मिलिमीटरचा बेस जातो की नाही, यावर ऐन खेळात वाद नको.

पहिली वस्तू कोणती बनवावी? मालवाहू कंटेनर. परग्रहावरच्या वस्तीत तो खपून जातो, पूर्ण आडोसा देतो, वर उभं राहता येतं आणि दोन एकमेकांवर ठेवले की मनोरा होतो. २८ मिलिमीटरच्या मिनींसाठी १:५६ हे प्रमाण धरा. खरा २० फुटी कंटेनर ६.०६ मीटर लांब, २.४४ रुंद आणि २.५९ उंच असतो. म्हणजे आपला १०८ मिलिमीटर लांब, ४४ रुंद, ४६ उंच.

खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा घ्या. त्याची जाडी साधारण ३ मिलिमीटर असते आणि ती वजा न करता कापलं की कोपरे जुळत नाहीत. तळ आणि छत १०८ × ४४ कापा. लांब भिंती १०८ × ४०, कारण तळ आणि छताचे मिळून ६ मिलिमीटर उंचीत येतातच. टोकाच्या भिंती ३८ × ४०, कारण त्या लांब भिंतींच्या आत बसतात. भिंती कापताना पुठ्ठ्यातल्या पन्हळी उभ्या येतील असं धरा. मग भिंतीच्या बाहेरच्या बाजूवरून ओलं फडकं फिरवा, एक-दोन मिनिटं थांबा आणि वरचा कागद बोटाने चोळत सोला. आतली उभी पन्हळ उघडी पडते, आणि खऱ्या कंटेनरचा पत्रा असाच दिसतो. पुठ्ठा भिजवू नका, नुसता ओलसर करा. पाणी जास्त झालं की पन्हळी बसतात आणि पुन्हा उठत नाहीत. छत मात्र सोलू नका. मिनी सपाट जागेवर नीट उभी राहते.

जोडायला पीव्हीए, म्हणजे सुतारकामाचा पांढरा गोंद. छत बंद करण्यापूर्वी आत चार खडे किंवा लोखंडी वॉशर चिकटवा. रिकामा कंटेनर बाहीच्या धक्क्यानेही सरकतो आणि मिनी आधी कुठे होती हे मग कोणालाच आठवत नाही. एका टोकाला जाड कागदाच्या दोन पट्ट्यांचे दरवाजे आणि चार टूथपिकांचे उभे दांडे लावले की काम झालं. गोंदात काळा अ‍ॅक्रिलिक रंग मिसळून सगळीकडून हात द्या. एकाच बाजूला दिला तर सुकताना पुठ्ठा वाकतो. वाळल्यावर रंग, आणि शेवटी ड्रायब्रश: ब्रशवर फिका रंग घेऊन जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका आणि कोरडा ब्रश पन्हळींवरून आडवा फिरवा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात.

असे चार कंटेनर, सहा-सात कमरेइतक्या भिंती आणि एक दुमजली इमारत एवढ्यावर २४ इंचांचा बोर्ड खेळण्याजोगा होतो. थर्माकोल वापरणार असाल, तर त्यावर सुपरग्लू किंवा स्प्रेचा रंग थेट लावू नका. त्यांच्यामुळे थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. आधी गोंद आणि रंगाच्या मिश्रणाचा थर द्या, कुठेही पांढरं डोकावत नाही ना ते पाहा, मगच स्प्रे.

शिकण्याचा खेळ

कुठलंही नियमपुस्तक उघडण्याआधी खालचे नियम दोनदा खेळा. पुढे कुठलाही खेळ निवडलात तरी त्यातला बराचसा गाभा हाच असतो.

मिनी कागदाच्याच चालतील. २५ मिलिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर ३० मिलिमीटर उंच कागदी आकृती उभी करा. प्रत्येकी पाच: एक म्होरक्या, तीन रायफलवाले, एक जड बंदूकवाला. म्होरक्याकडेही रायफलच. तो तीन जखमा सोसतो, बाकीचे दोन. शेवटच्या जखमेला मिनी बोर्डाबाहेर. सहा बाजूंचे आठ फासे आणि दोन रंगांचे मणी जवळ ठेवा, एक रंग जखमांसाठी आणि दुसरा 'पाळी झाली' या खुणेसाठी.

बोर्डाच्या मध्यरेषेवर ८-८ इंचांच्या अंतराने तीन पेट्या ठेवा. दोन्ही तुकड्या आपापल्या कडेपासून ४ इंचांच्या आत उभ्या राहतात. खेळ पाच फेऱ्यांचा. पेटी आपल्या कडेवरून बाहेर नेली की ३ गुण, शेवटी कोणाच्या हातात असेल तर २. मारलेल्या मिनीला गुण नाहीत. हे मुद्दाम असंच आहे. मारण्याला गुण ठेवले की दोन्ही खेळाडू आडोशात बसून राहतात आणि मधला बोर्ड ओस पडतो. पेट्या तीन आहेत, म्हणजे प्रत्येकी एक मिळून एक उरतेच, आणि भांडण तिच्यावरूनच होतं.

प्रत्येक फेरीला दोघं एकेक फासा टाकतात आणि मोठा आकडा येईल तो सुरुवात करतो. मग आळीपाळीने एकेका मिनीची पाळी. एका पाळीत दोन कृती:

चालणं, ६ इंच. दोनदा चालता येतं. चढताना उभं अंतरही त्याच सहा इंचांत धरा.
नेम धरणं. याच पाळीतल्या गोळीला फाशावर १ वाढवून मिळतो.
गोळी झाडणं. पाळीत एकदाच.
पेटी उचलणं, पेटीला बेस टेकलेला असताना. पेटी घेतलेली मिनी एका कृतीत ४ इंचच चालते आणि बाद झाली की पेटी तिथेच पडते.
टपून बसणं. ही दुसरी कृती असते, आणि गोळी झाडली असेल तर करता येत नाही. समोरच्याच्या पाळीत कोणी नजरेच्या टप्प्यात हललं की त्याला मध्येच थांबवून एक गोळी झाडायची. तुमची पुढची पाळी आली की टपणं संपलं.

गोळीबाराचे दोन फासे, जड बंदुकीचे चार. पण जड बंदूकवाला त्या पाळीत चालला तर गोळी झाडू शकत नाही. ४ किंवा जास्त आलं की लागली. लक्ष्य आडोशामागे असेल तर फाशातून १ वजा. लागलेल्या प्रत्येक गोळीला समोरचा चिलखतासाठी फासा टाकतो आणि ५ किंवा ६ आला तर गोळी वाया. बेसला बेस भिडला की हातघाई: चाल करून आलेला तीन फासे टाकतो, दुसरा दोन, एकाच वेळी, ४ ला लागते आणि चिलखत तसंच. पाचातल्या तीन मिनी गेल्या, तर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाका. १ किंवा २ आला की तुकडी माघार घेते आणि खेळ तिथे संपतो.

आता एक पाळी जवळून पाहू. तुमची रायफलवाली कंटेनरच्या कोपऱ्याला आहे. ११ इंचांवर, कमरेइतक्या भिंतीमागे, शत्रूची एक मिनी. तिथूनच गोळी झाडली तर आडोशामुळे ५ लागतात. एकेका फाशाची शक्यता तिसरा हिस्सा, त्यातून चिलखत दोन तृतीयांश वेळा फसतं, म्हणजे दर फाशाला २/९. दोन फाशांत निदान एक जखम होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. आधी नेम धरलात तर पुन्हा ४ लागतात आणि शक्यता ५६ टक्क्यांवर जाते. तिसरा मार्ग असा: सहा इंच बाजूला धावून भिंत मध्ये येणार नाही अशा जागी पोचायचं आणि तिथून झाडायचं. तेही ५६ टक्केच. आकडा एकच असला तरी गोष्ट एकच नाही. नेम धरलेली मिनी अजून कोपऱ्याआड आहे, तिला उलट गोळीने जखम होण्याची शक्यता तिच्या आडोशामुळे ४० टक्के. धावलेली उघड्यावर आहे आणि तिच्यासाठी तीच शक्यता ५६. तेव्हा केवळ गोळीसाठी धावू नका. धावण्याने पेटी जवळ येत असेल, किंवा पुढच्या पाळीत आणखी दोन शत्रू त्या कोनातून दिसणार असतील, तरच त्या उघड्यावर उभं राहण्याची किंमत वसूल होते.

पाळीत गोळी एकदाच, हा नियम का? दोनदा झाडू दिलं तर आडोशामागच्या लक्ष्यावरही चार फाशांत ६३ टक्के मिळतात, नेम धरण्यापेक्षा जास्त. मग ना कोणी नेम धरतं, ना कोणी हलतं. नियमांत जी बंधनं जाचक वाटतात त्यांच्या मागे बहुधा असंच काही गणित असतं. ते समजून घेतल्याशिवाय घरगुती बदल करू नका.

मोजताना होणाऱ्या चुका

चालताना बेसच्या पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजा. पुष्कळ जण टेप बेसच्या पुढे लावतात आणि मिनी टेपच्या टोकापलीकडे ठेवतात. २५ मिलिमीटरचा बेस म्हणजे जवळपास एक इंच, तेव्हा सहाची चाल दर वेळी सातची होते. पाच मिनी, पाच फेऱ्या, म्हणजे दोन फुटांहून जास्त फुकटची चाल, आणि तीही कोणाच्याही मनात लबाडी नसताना. गोळीचं अंतर मात्र बेसच्या जवळच्या कडेपासून जवळच्या कडेपर्यंत.

दृष्टिरेषेचे वाद सुरुवातीलाच मिटवा. टेबलाला डोळा लावून पाहायचं हे ठीक, पण मिनीचा नेमका कोणता भाग दिसला म्हणजे 'दिसली', हे खेळाआधी ठरवा. धड, डोकं किंवा पाय दिसायला हवा. तलवारीचं टोक, अँटेना, पंख मोजायचे नाहीत. पाय पुढे टाकून वाकलेली मिनी आणि ताठ उभी असलेली मिनी यांची उंची वेगळी असते, आणि गुडघा टेकलेली शिल्पाकृती घेतली म्हणून कोणाला कायमचा फायदा मिळणं बरं नाही. काही खेळ यासाठी प्रत्येक बेसवर ठरलेल्या उंचीचा दंडगोल कल्पितात. तुमच्या दोघांत वारंवार वाद होत असतील तर तीच पद्धत घ्या: २५ मिलिमीटर बेसवर ३५ मिलिमीटरचा दंडगोल, बाकी शिल्प कसंही असो.

आणि हेतू बोलून दाखवा. "ही अशी थांबते की तुझा जड बंदूकवाला तिला पाहू शकत नाही," असं म्हणा, दोघांनी मिळून तपासा आणि तसं ठेवा. पुढच्या पाळीत अर्ध्या मिलिमीटरने दिसते की नाही हा प्रश्नच येत नाही. तिरका पडलेला किंवा बोर्डाखाली गेलेला फासा पुन्हा टाकायचा. फासे बोर्डावर न टाकता कडा असलेल्या ट्रेमध्ये टाका, म्हणजे मिनी पडत नाहीत.

खरी तुकडी

दोन खेळ झाल्यावर तुम्हाला कळलेलं असतं की तुम्हाला धावणारे आवडतात की टपून बसणारे. आता मिनी निवडा. २८ आणि ३२ मिलिमीटर ही सर्वाधिक आढळणारी मापं. माप बहुधा पायापासून डोळ्यांपर्यंत धरतात, पण प्रत्येक निर्मात्याचं थोडं वेगळं पडतं, म्हणून एका तुकडीत दोन निर्मात्यांच्या मिनी मिसळण्यापूर्वी शेजारी ठेवून पाहा.

प्लॅस्टिकच्या मिनीला प्लॅस्टिक सिमेंट वापरा. ते पॉलिस्टायरिनचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतं. रेझिन आणि धातूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, तिथे सुपरग्लू. सुपरग्लूचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढा पुरे. जास्त लावला की सांधा उशिरा धरतो आणि कच्चा राहतो. धातूचा जड हात सुपरग्लूवर टिकत नसेल, तर दोन्ही भागांत १ मिलिमीटरची भोकं पाडून मध्ये तारेचा तुकडा बसवा.

मिनीचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला, म्हणजे फ्रेमला, जोडलेले येतात. ते निपरने (छोट्या कापणीच्या पकडीने) काढताना फ्रेमला लागून नव्हे, तर थोडं अंतर सोडून कापा आणि उरलेला ठोंब दुसऱ्या कापणीत काढा. एकाच कापात काढायला गेलं की प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा मिनीचाच टवका उडतो. साच्याची उभी शिवण चाकूच्या पाठीने खरवडा, आणि हे जोडण्याआधी करा. रेझिनचे भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा, नाहीतर साच्यातून काढण्यासाठी लावलेल्या तेलकट थरावर रंग बसत नाही. रेझिनची बंदूक वाकडी आली असेल तर गरम पाण्यात बुडवून मऊ करा, सरळ करा आणि त्याच स्थितीत थंड पाण्यात धरा. रेझिन घासताना मास्क लावा आणि पॉलिशपेपर ओला ठेवा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्याजोगी नाही.

रंग

इथे घाई नको आणि भीतीही नको. आधी स्प्रे प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर: २० ते ३० सेंटिमीटरवरून, उघड्या हवेत, छोट्या फटकाऱ्यांनी. फटकारा मिनीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवा. दमट हवेत मारला तर पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि मॅट वार्निश असेल तर दुधाळ सावट येतं. तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहा.

मग तीन मुख्य रंग, पाणी घालून पातळ केलेले, दोन हातांत. एका जाड हातात चेहऱ्याचे बारकावे बुजतात. त्यावर गडद वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, जो आपोआप खाचांत जाऊन बसतो. तो साचून डबकं झालं तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. शेवटी टोकांना आणि कडांना फिका रंग. एवढ्यावर मिनी टेबलावर छान दिसते. मिनी तीन फुटांवरून पाहिली जाते, हे रंग निवडताना लक्षात असू द्या. सगळ्या तुकडीला एक समान ठळक रंग द्या, पण म्होरक्याचं शिरस्त्राण किंवा जड बंदूकवाल्याचा खांदा वेगळा ठेवा, म्हणजे समोरच्याला दर वेळी "ही कोण?" असं विचारावं लागत नाही. बेसची कड एकाच गडद रंगाने संपवा. याला दोन मिनिटं लागतात आणि सगळी तुकडी नीटस दिसू लागते.

कोणते नियम घ्यावेत

एखादी तुकडी आवडली म्हणून खेळ निवडणं वाईट नाही, पण दोन प्रश्न आधी विचारा: जोडीला कोण आहे आणि कोणत्या मिनी चालतात.

स्वतःच्या कुठल्याही मिनी वापरायच्या असतील तर 'स्टारग्रेव्ह' (२०२१) सोपं पडतं. कप्तान, त्याचा मुख्य सहकारी आणि आठ जण अशी दहांची टोळी, वीस बाजूंचा फासा आणि लूट पळवण्यावर भर. एकट्याने खेळायचं तर 'फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम' एकट्या खेळाडूसाठीच रचलेलं आहे. शत्रू कसा वागेल ते नियम ठरवतात आणि खेळांच्या मधल्या काळात तुमच्या सहा जणांच्या चमूचं काय झालं ते तक्त्यांवरून कळतं. 'वन पेज रूल्स'च्या 'फायरफाइट'चे मूळ नियम मोफत मिळतात आणि थोडक्या पानांत आटोपतात. वर शिकलेल्या खेळाच्या जवळचं असं तेच. 'किल टीम'ला तयार तुकड्या आणि ३० × २२ इंचांचा बोर्ड. चार फेऱ्यांत खेळ संपतो, पण प्रत्येक तुकडीचे खास नियम पाठ व्हायला वेळ लागतो. २००५ पासून चालत आलेली 'इन्फिनिटी' सगळ्यात अवघड: समोरच्याच्या पाळीत तुमच्या मिनीला कोणी दिसलं की तिला लगेच प्रत्युत्तर देता येतं. टपून बसणं इथे प्रत्येकाला कायमच मिळालेलं असतं असं समजा. तिचे नियमही मोफत आहेत, पण टेरेन दाट नसेल तर ती खेळूच नये.

फाशाच्या जातीचाही विचार करा. सहा बाजूंच्या फाशावर एकाच्या फरकाने शक्यता जवळपास १७ टक्क्यांनी हलते, वीस बाजूंच्या फाशावर फक्त ५ टक्क्यांनी. म्हणून वीसवाल्या खेळांत आडोसा २, ३ किंवा त्याहून मोठा आकडा देतो आणि छोटे छोटे फायदे गोळा करावे लागतात. सहावाल्यात एक आडोसासुद्धा जीव वाचवतो. एका खेळातला आकडा दुसऱ्यात उचलून नेला की तोल जातो.

पाच-सहा सुटे खेळ झाल्यावर मोहीम सुरू करा, म्हणजे जखमा आणि अनुभव पुढच्या खेळात नेणारी मालिका. प्रत्येक मिनीला नाव द्या आणि एका वहीत तिची ओळ ठेवा: शस्त्र, जखमा, कोणत्या खेळात काय केलं. जिंकणारी तुकडी झपाट्याने बळकट होते आणि हरणाऱ्याचा रस चौथ्या खेळापर्यंत संपतो, हा मोहिमांमधला नेहमीचा रोग. त्याच्यावर उपाय पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. मागे असलेल्या खेळाडूला पुढच्या खेळात बोर्डाची कड निवडू द्या, आणि दोन तुकड्यांत तीन खेळांहून जास्त अंतर पडलं तर त्याला एका खेळापुरता एक भाडोत्री रायफलवाला. मोहिमेची लांबीही आधीच ठरवा. सहा खेळ ही चांगली मर्यादा आहे, आणि सहाव्या खेळासाठी त्या दुमजली इमारतीला आणखी एक मजला चढवून ठेवा.